धुरावर फिरणारा भाता : महाकाय इंजिने आणि त्यांचा श्वास



जहाजावर नोकरी केलेला माणूस गावी परतला की त्याला ठरावीक प्रश्न विचारले जातात. जहाज केवढे होते, इंजिन किती अश्वशक्तीचे, आणि दिवसाला तेल किती लागते. मोरजीत, पेडण्याच्या बाजारात, लग्नमंडपात आणि जत्रेच्या गर्दीतही मी या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. त्या इंजिनाला हवा किती लागते, असे मात्र मला आजवर कोणी विचारलेले नाही. हवा फुकट मिळते आणि डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती हिशेबात धरली जात नसावी. वास्तविक इंजिनाचे सामर्थ्य तेलापेक्षा हवेवर अधिक अवलंबून असते. तेल हवे तेवढे ओतता येते. हवा मात्र आत कोंबावी लागते. ती कोंबणाऱ्या यंत्राला टर्बोचार्जर असे म्हणतात, आणि आजचे व्याख्यान त्याच्याविषयी आहे.

स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय काहीसा रूक्ष वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु पेडणे, बार्देश आणि डिचोली या तालुक्यांतील कित्येक घरांचा संसार इंजिनरूममधून आलेल्या पगारावर उभा राहिलेला आहे. आपल्याकडे तारवटी हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. तो तारवटी पाण्याच्या पातळीखाली, त्या उकाड्यात आणि कानठळ्यांत नेमके काय सांभाळीत असतो, हे बहुधा त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नसते. हे अंतर थोडे कमी व्हावे, एवढ्याचसाठी मी हा विषय निवडला.

आरंभ लोहाराच्या भात्यापासून करू. भट्टीत कोळसा तोच असतो, लोखंड तेच असते. भाता मंद चालला तर लोखंड जेमतेम लाल होते. भाता जोराने चालला की तेच लोखंड पिवळे, पांढरे होऊ लागते. कोळसा वाढलेला नसतो, वाढलेला असतो तो वारा. डिझेल इंजिनाचेही असेच आहे. एक किलो डिझेल पुरते जळावयास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, हे रसायनशास्त्राचे गणित आहे आणि ते कोणाही इंजिनियरला बदलता येत नाही. एक घनमीटर हवेचे वजन आपल्या किनाऱ्यावर सव्वा किलोही भरत नाही. सिलिंडरचे माप ठरलेले. म्हणून त्यात मावणारी हवा ठरलेली. आणि म्हणून त्यात जळू शकणारे तेलही ठरलेले.

पूर्वी गावोगावच्या भातगिरण्यांत एका सिलिंडरचे संथ इंजिन असे. खडकीला १९४६ मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांची अशी इंजिने देशभर पोहोचली. ती आपल्या दट्ट्याच्याच ओढीने बाहेरची हवा आत घेत. गिरणीत भात एकदम जास्त टाकला की इंजिन दबे, अधिक तेल घेई, आणि धुराड्यातून काळा धूर निघे. तो काळा धूर म्हणजे न जळलेले तेल, किंबहुना न मिळालेली हवा होय. विद्यार्थी मित्रांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सारे सोपे जाईल.

आता हीच हवा आधी दाबून चौपट घट्ट केली आणि मग सिलिंडरमध्ये सोडली, तर त्याच मापाच्या सिलिंडरमध्ये जवळजवळ चौपट हवा मावेल आणि जवळजवळ चौपट तेल जाळता येईल. कल्पना सरळ आहे. अडचण अशी की हवा दाबणारा पंप चालवावयाचा कशावर? तो इंजिनाच्याच आसाला जोडला तर मिळवलेल्या शक्तीतील मोठा वाटा तोच खाऊन टाकतो. या अडचणीवर ज्याने तोड काढली तो आल्फ्रेड ब्यूखी हा स्वित्झर्लंडमधील विंटरटूर या गावचा तरुण अभियंता. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी झाले होते. त्या पहिल्या इंजिनाने तेलातील उष्णतेच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक काम करून दाखविले, आणि त्या काळी हा विक्रम होता. उरलेली बरीचशी उष्णता धुराबरोबर बाहेर जात होती. ब्यूखीने विचारले, की बाहेर जाणारा हा तापलेला, दाबाखालचा धूरच पंप का चालवू नये? १६ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याने या कल्पनेचे पेटंट नोंदविले. तेव्हा त्याचे वय २६ वर्षांचे होते.

यंत्राची रचना सांगावयाची तर एका आसावर दोन चाके. एका टोकाच्या चाकाला धुराचा झोत लागतो आणि ते फिरते, हे टर्बाइन. दुसऱ्या टोकाचे चाक त्याच आसावर असल्यामुळे आपोआप फिरते आणि बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनाकडे पाठविते, हा कॉम्प्रेसर. दोहोंच्या मध्ये बेअरिंगे आणि तेल. इंजिनाच्या आसाशी या यंत्राचा कोठेही यांत्रिक संबंध नाही, ना दातेरी चाक, ना पट्टा, ना साखळी. इंजिन जितके जोरात काम करील तितका धूर अधिक, धूर जितका अधिक तितकी हवा अधिक. भट्टीच्याच धुरावर फिरणारा भाता, असे त्याचे वर्णन मी करीन.

कागदावर एवढे सोपे असलेले यंत्र चालावयास वीस वर्षे लागली. तापलेल्या धुरात टिकेल असा धातू नव्हता, आणि चाकांची कार्यक्षमता इतकी कमी होती की धुराने दिलेले सारे घर्षणात जाई. १९२४ मध्ये ब्राऊन बोव्हेरी या स्विस कंपनीने उपयोगात आणण्याजोगा पहिला टर्बोचार्जर बनविला. त्यानंतर ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिश’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांची दहा सिलिंडरची इंजिने टर्बोचार्जर लावून १९२६ मध्ये समुद्रावर उतरली. त्यांची शक्ती १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० वर गेली.

ही इंजिने फोर-स्ट्रोक होती, हे येथे सांगितले पाहिजे. फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याची एक फेरी केवळ श्वास घेण्यासाठी आणि एक धूर बाहेर लोटण्यासाठी राखलेली असते, म्हणून टर्बोचार्जर थोडा कमी पडला तरी इंजिन गुदमरत नाही. मोठ्या जहाजांची संथ इंजिने मात्र टू-स्ट्रोक असतात. त्यांत श्वासासाठी वेगळी फेरी नाही. दट्ट्या तळाशी आला की सिलिंडरच्या बुडाशी असलेल्या खिडक्या उघड्या पडतात, वरची झडप उघडते, आणि खालून शिरणारी ताजी हवा जुन्या धुराला केर लोटावा तशी वर लोटून देते. हे सारे एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात उरकावयाचे. बाहेरून कोणीतरी हवा ढकलल्याशिवाय हे इंजिन एक श्वासही घेऊ शकत नाही. शिवाय या झाडलोटीत थंड हवा धुरात मिसळते आणि धुरातील जोर कमी होतो. त्यामुळे टू-स्ट्रोक इंजिनावर टर्बोचार्जर बसविणे अवघड गेले. अखेर १९५२ मध्ये बुर्माइस्टर आणि वाइन या डॅनिश कारखान्याच्या इंजिनावर, ‘डोर्थे मेर्स्क’ या तेलवाहू जहाजात, ते साधले. आज जगातील मोठ्या व्यापारी जहाजांपैकी बहुतेक त्याच मार्गाने चालतात.

ज्यांनी जहाजाची इंजिनरूम पाहिलेली नाही, त्यांच्यापैकी पुष्कळांनी टर्बोचार्जरचे काम मात्र पाहिलेले आहे. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गाने सुरू झाली आणि पेडण्याला स्टेशन आले. त्या काळी या मार्गावर धावणाऱ्या डिझेल इंजिनांत डब्ल्यूडीएम-२ ही जात सर्वांच्या परिचयाची होती. तिच्यात सोळा सिलिंडर असत आणि शक्ती २,६०० अश्वशक्ती. गाडी पेडण्याहून सुटताना इंजिनाच्या डोक्यावरून काळ्या धुराचा लोट उठे आणि गाडीने वेग घेतला की तो विरळ होई. फलाटावरची माणसे म्हणत, इंजिन जुने झाले. पुष्कळदा तसे नसे. ड्रायव्हरने मूठ सरकविली की तेल तत्काळ वाढते. पण टर्बोचार्जरचे चाक वेग घ्यावयास काही सेकंद घेते. तेल आधी आले, हवा मागून आली. मधल्या सेकंदांचा हिशेब त्या काळ्या लोटात लिहिलेला असे. भातगिरणीच्या धुराचे कारण तेच.

याच इंजिनाची दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. सिलिंडर सोळाच ठेवून, त्यांचे माप तेच ठेवून, केवळ अधिक चांगला टर्बोचार्जर आणि हवा थंड करणारा अधिक चांगला कूलर बसविल्याने, इतर किरकोळ सुधारणांसह, त्याच घराण्यातील पुढची इंजिने ३,१०० अश्वशक्ती देऊ लागली. पाचशे अश्वशक्ती जणू हवेतून आली. २०२२ मध्ये कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले, त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यांना तो धूर क्वचितच दिसेल. रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यातील धुरासाठी वायुवीजनाची वेगळी व्यवस्था करावी लागली होती, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आता महाकाय इंजिनांकडे वळू. डिचोली तालुक्यातील खाणींचे खनिज आमोणे, सारमानस येथील धक्क्यांवरून बार्जमध्ये भरून मांडवीतून मुरगावकडे जात असे. २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, आणि पुढे काही पुन्हा सुरू होऊ लागल्या, हा इतिहास आपण सर्वांनी सोसलेला आहे. डिचोलीच्या कित्येक मुलांनी इंजिनाची पहिली ओळख त्या बार्जवर करून घेतली. बार्जचे इंजिन माणसाच्या छातीइतके उंच असते. मुरगावला येऊन लागणाऱ्या खनिजवाहू जहाजाचे इंजिन मात्र दोन-तीन मजल्यांचे असते. त्याच्याभोवती जिने आणि सज्जे असतात. आणि या जातीचे आजवरचे सर्वांत प्रसिद्ध इंजिन २००६ मध्ये ‘एमा मेर्स्क’ या ३९७ मीटर लांबीच्या कंटेनरवाहू जहाजावर बसले.

वार्टसिला-सुल्झर जातीच्या या इंजिनात चौदा सिलिंडर एका ओळीत आहेत. लांबी सुमारे २७ मीटर, उंची साडेतेरा मीटर, वजन २,३०० टन. म्हणजे मांडवीतून जाणारी एक मोठी बार्ज खनिजाने पुरी भरावी तेवढे. एका सिलिंडरचा व्यास ९६० मिलिमीटर, दट्ट्याची धाव अडीच मीटर. घराच्या गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते, तशा जवळजवळ दोन टाक्यांचे पाणी एका सिलिंडरमध्ये मावेल. शक्ती ८०,०८० किलोवॅट, म्हणजे सुमारे १,०९,००० अश्वशक्ती; आणि ही सारी मिनिटाला फक्त १०२ फेऱ्यांत. इंजिनाचा आस मध्ये कोणतेही दातेरी चाक न घेता थेट पंख्याला जोडलेला असतो.

आता मला कोणी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. मिनिटाला १०२ फेऱ्या आणि चौदा सिलिंडर म्हणजे मिनिटाला १,४२८ श्वास, सेकंदाला जवळजवळ चोवीस. दर श्वासाला सुमारे १६० ग्रॅम तेल आत शिंपडले जाते आणि माझ्या हिशेबाने सुमारे सात किलो हवा लागते. रसायनशास्त्र साडेचौदापट हवा मागते, हे इंजिन चाळीसपटीहून अधिक घेते. कारण जळण्याखेरीज सिलिंडर झाडावयास आणि आतून थंड ठेवावयासही हवाच लागते. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १७० किलो, मिनिटाला दहा टन हवा! तेल दिवसाला सव्वातीनशे टनांच्या घरात आणि हवा चौदा-पंधरा हजार टन. तेल कोणत्या बंदरात भरले याची नोंद कागदोपत्री असते. हवेची नोंद कोठेही नसते.

एवढी हवा साडेतीन ते चार पट दाबण्यासाठी लागणारी शक्ती माझ्या ढोबळ हिशेबाने पंचवीस ते तीस हजार किलोवॅट भरते. पेडण्याच्या स्टेशनावरची डब्ल्यूडीएम-२ इंजिने डझनाहून अधिक एकत्र जोडली तर तेवढी शक्ती मिळेल. ही सर्व शक्ती धुरातून येते. तिच्यासाठी वेगळे तेल जाळावे लागत नाही. अशा इंजिनावर तीन-चार टर्बोचार्जर असतात, एकेकाचे वजन दहा टनांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक. त्यांच्याशिवाय हेच २,३०० टनांचे लोखंड आपल्या शक्तीचा तिसरा हिस्साही देऊ शकणार नाही. त्यांच्यामुळे आणि संथ गतीमुळे अशी इंजिने तेलातील निम्म्याहून किंचित अधिक उष्णता पंख्यापर्यंत पोहोचवितात. डिझेलच्या पहिल्या इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट.

टर्बोचार्जर इंजिनाच्या पोटाला चिकटून बसतो, परंतु त्याचा स्वभाव इंजिनाच्या नेमका उलट आहे. इंजिन मिनिटाला शंभर फेरे घेते, हे यंत्र दहा हजारांच्या आसपास. मोठ्या कॉम्प्रेसरच्या चाकाचा काठ सेकंदाला पाचशे मीटर वेगाने फिरतो, म्हणजे आवाजापेक्षाही वेगाने. या वेगात काठावरच्या एक ग्रॅम धातूला बाहेर फेकणारा जोर पन्नास किलोंहून अधिक वजनाइतका असतो. म्हणून चाकावर काजळीचा थर एका बाजूस जरा जाड बसला तरी सारे यंत्र थरथरू लागते. चाक फुटलेच तर त्याचे तुकडे कवचाच्या आतच राहिले पाहिजेत, अशी कसोटी कवचाला लावलेली असते. काम करताना आमच्यापैकी कोणी त्याच्या सरळ रेषेत विनाकारण उभा राहत नसे, हेही खरे.

दाबलेली हवा तापते. कॉम्प्रेसरमधून ती दोनशे अंशांच्या जवळपास निघते, आणि तापलेली हवा पुन्हा फुगते. म्हणजे कष्टाने घट्ट केलेली हवा पुन्हा विरळ होणार. म्हणून ती लगेच पाण्याच्या नळ्यांवरून नेऊन चाळीस अंशांच्या आसपास आणतात. येथे आपल्या हवामानाचा प्रश्न येतो. आषाढातील दमट हवा दाबून थंड केली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, आणि मोठ्या इंजिनात हे पाणी दिवसाला कित्येक टन निघते. ते गाळून बाहेर सोडले नाही तर सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन जाते आणि दट्ट्याच्या कड्या झिजतात. युरोपातून आलेल्या नवशिक्या इंजिनियरला हे पुस्तकातून शिकावे लागते. कोकणातल्या मुलाला, पावसाळ्यात भिंतीला पाझर फुटलेला पाहिल्यामुळे, ते चटकन पटते.

काजळी काढण्याची पद्धतही सांगण्यासारखी आहे. टर्बाइनच्या बाजूला, यंत्र चालू असतानाच, अक्रोडाच्या कवचाचा बारीक भरडा हवेच्या दाबाने आत सोडतात. ते कण पात्यांवर आपटून काजळी खरवडून नेतात आणि स्वतः जळून जातात. भरडा संपला म्हणून भटारखान्यातून कोरडा तांदूळ आणून वापरलेला मी पाहिला आहे. तो उकडा की सुरय याची चौकशी टर्बाइन करीत नाही. कॉम्प्रेसरच्या बाजूला पूर्ण वेगात थोडे गोडे पाणी मारतात. पाण्याचे थेंब तेथे छिन्नीसारखे काम करतात.

ही निगा राहिली नाही, किंवा समुद्र फार खवळला, तर टर्बोचार्जरला जे होते त्याला सर्जिंग म्हणतात. पावसाळ्यात सोकोत्राच्या बाजूला मोठ्या लाटांत जहाजाचा मागचा भाग उचलला जातो आणि पंखा अर्धा पाण्याबाहेर येतो. भार नाहीसा झाल्याने इंजिन पळू लागते, नियंत्रक तत्काळ तेल तोडतो, धूर कमी होतो, टर्बाइनचा जोर जातो. परंतु पुढे कोठीत कोंबलेली हवा अजून दाबाखालीच असते. आता ती उलटी फिरते आणि कॉम्प्रेसरमधून मागे धडक मारते. जो आवाज होतो तो प्रचंड शंख कोणी आपल्या कानाशी फुंकावा तसा. सारे सज्जे हादरतात. पुन्हा लाट, पुन्हा तो हुंकार. अशा वेळी वेग कमी करण्यावाचून उपाय नसतो, आणि वेग कमी केला तर वेळापत्रक चुकते म्हणून वरून विचारणा होते. विचारणा करणाऱ्यांना तो हुंकार ऐकू येत नाही.

ही इंजिने जे तेल जाळतात त्याला तेल म्हणणे ही एक सवलतच आहे. शुद्धीकरणानंतर तळाशी उरणारा तो गाळ असतो. मे महिन्याच्या सुमारास आपल्या वाळूत चपलेला चिकटणारे डांबराचे गोळे आठवावेत. साधारण तीच जात. सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत तापविल्यावाचून तो सिलिंडरमध्ये शिंपडता येत नाही, आणि तापविण्यासाठी लागणारी वाफही टर्बाइनमधून निघालेल्या धुरावरच तयार करतात. त्यातील गंधकावर १ जानेवारी २०२० पासून जगभर अर्ध्या टक्क्याची मर्यादा आली. धूर धुण्याचे यंत्र असलेल्या जहाजांना तेवढी सूट आहे. जगातील एकूण कार्बन डायॉक्साइडपैकी सुमारे तीन टक्के जहाजांचा आहे. याचा परिणाम इंजिनांच्या आकारावरही झाला. जहाजाचा वेग वीस टक्क्यांनी कमी केला तर शक्ती जवळजवळ निम्मीच लागते, हे जुने गणित २००८ च्या मंदीनंतर मालकांनी मनावर घेतले. संथ चालीत धूर कमी, म्हणून चारांपैकी एक टर्बोचार्जर बंद करून त्याचा धूर उरलेल्यांना देण्याची पद्धत निघाली. २०१३ साली त्याच मेर्स्क कंपनीने ‘एमा’हून मोठी जहाजे पाण्यात सोडली, तेव्हा त्यांत चौदा सिलिंडरचा एक राक्षस न बसविता आठ-आठ सिलिंडरची दोन इंजिने बसविली. २०२३ पासून मिथेनॉलवर चालू शकणारी कंटेनरजहाजेही समुद्रावर आली आहेत. माझ्या मते हा बदल योग्यच आहे. त्या इंजिनांनाही टर्बोचार्जर लागतोच.

एक गोष्ट अखेरीस सांगावयाची राखून ठेवली होती. धुरावर चालणाऱ्या भात्याला धूर हवा. मग इंजिन सुरू होताना, जेव्हा धूरच नसतो, तेव्हा काय? इंजिन तीस पट दाबाच्या हवेने फिरवून सुरू करतात, आणि भार वाढेपर्यंत त्याला विजेवर चालणारे पंखे हवा पुरवितात. बंदरातून हळू बाहेर पडताना जहाज याच अवस्थेत असते. थंड करणारे पाणी, वंगण, तेल तापविणे, सारेच विजेच्या पंपांवर. म्हणजे पन्नास हजार अश्वशक्तीचे इंजिन त्या वेळी काही लहान मोटरांच्या भरवशावर उभे असते.

२६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर ‘डाली’ हे कंटेनरवाहू जहाज अमेरिकेतील बॉल्टिमोर बंदरातून कोलंबोकडे निघाले. त्याच्या एकवीस खलाशांपैकी वीस भारतीय होते. नऊ सिलिंडरचे, ४१,४८० किलोवॅटचे एकच इंजिन. फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या अलीकडे जहाजाची वीज गेली. थंड पाण्याचे पंप थांबले, आणि इंजिन जळू नये म्हणून बसविलेल्या यंत्रणेने ते आपोआप बंद केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी चौकशी मंडळाने कारण सांगितले: विजेच्या फळीतील एका तारेवर नावाची पट्टी अशी बसली होती की तार आपल्या खाचेत पुरती शिरली नव्हती, ती सैल राहिली. पहिल्यांदा वीज गेल्यापासून धडक बसेपर्यंत जेमतेम चार मिनिटे मिळाली. पोलिसांना निरोप गेला, पुलावरची वाहतूक अडविली गेली आणि त्यामुळे पुष्कळ लोक वाचले. पुलावर खड्डे बुजविणारे सहा मजूर मात्र प्राणास मुकले. त्या चार मिनिटांत खालच्या माणसांनी वीज परत आणली होती. ती दुसऱ्यांदा गेली, आणि तीही परत आणली. धडकेच्या क्षणी जहाजाचे दिवे लागलेले होते. इंजिन मात्र पुन्हा सुरू होऊ शकले नव्हते.